एसएलयू-पीपी-३३२ की ५-अमिनो-१एमक्यू? चरबी घटवणाऱ्या प्रायोगिक रसायनांचा तुलनात्मक आढावा

चरबी घटवण्याच्या चर्चेत सध्या दोन प्रायोगिक रसायनांची नावं सारखी कानावर पडतात: एसएलयू-पीपी-३३२ आणि ५-अमिनो-१एमक्यू. पहिल्याची ओळख ‘गोळीतला व्यायाम’ अशी करून दिली जाते, तर दुसरं थेट चरबीच्या पेशींवर काम करतं असं सांगितलं जातं. दोन्हींवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लेबल असतं आणि तरीही माणसं ती घेतात. यातलं कुठलं घ्यावं या विचारात तुम्ही असाल, तर माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आज तरी दोन्हीपैकी एकही घेऊ नये. मात्र दोघांना नकार देण्याची कारणं सारखी नाहीत, आणि ती समजून घेतली की उद्या तिसरं नाव समोर आलं तरी त्याची पारख तुमची तुम्हाला करता येईल.

अशी तुलना करताना बहुतेक जण एकच रकाना बघतात: वजन किती टक्के उतरलं. मी त्याआधी तीन गोष्टी विचारतो. कुणाचं उतरलं, किती दिवसांत उतरलं, आणि उतरल्यावर बाकीच्या शरीरात काय तपासलं? या तीन प्रश्नांपुढे १२ टक्के आणि २० टक्के या आकड्यांचा अर्थ पार बदलून जातो.

एसएलयू-पीपी-३३२

हे रसायन अमेरिकेतल्या सेंट लुई विद्यापीठात सुरू झालेल्या कामातून आलं. थॉमस बरिस आणि त्यांचे सहकारी ईआरआर नावाच्या ग्राहींवर काम करत होते. ही पेशीच्या केंद्रकातली प्रथिनं आहेत. स्नायू, हृदय, मेंदू अशा भरपूर ऊर्जा लागणाऱ्या अवयवांत ती जास्त असतात आणि मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं वाढवणारी, चरबी जाळणारी जनुकं चालू करतात. दमसास लागणारा व्यायाम केला की शरीर हाच मार्ग वापरतं. एसएलयू-पीपी-३३२ या कुटुंबातल्या अल्फा, बीटा आणि गॅमा या तिन्ही ग्राहींना चालना देतं, त्यातही अल्फाला सर्वाधिक.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सामान्य वजनाच्या उंदरांना हे रसायन दिल्यावर ते सुमारे ७० टक्के जास्त वेळ आणि ४५ टक्के जास्त अंतर धावले. त्यांच्या स्नायूंमध्ये दमदार, ऑक्सिजनवर चालणाऱ्या तंतूंचं प्रमाण वाढलं. पुढच्या अभ्यासात लठ्ठ उंदरांना महिनाभर, दिवसातून दोनदा हे रसायन टोचलं. न दिलेल्या उंदरांच्या तुलनेत त्यांच्या अंगावर दहापट कमी चरबी चढली आणि वजन सुमारे १२ टक्क्यांनी उतरलं. खाणं तेवढंच होतं, हालचालही वाढली नव्हती. शरीर इंधन म्हणून साखरेऐवजी चरबी जास्त वापरू लागलं होतं.

विज्ञान म्हणून हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. ईआरआर ग्राहींना बाहेरून चालना देणारं आणि जिवंत प्राण्यात नीट काम करणारं रसायन सापडणं अवघड होतं, ते या मंडळींनी करून दाखवलं. हृदय निकामी होत चाललेल्या उंदरांवरही या गटाच्या रसायनांचा चांगला परिणाम दिसला आहे. व्यायाम करूच न शकणाऱ्या माणसांसाठी, म्हणजे अंथरुणाला खिळलेले, स्नायू झिजण्याचे आजार झालेले, वार्धक्याने खंगलेले, यांच्यासाठी उद्या यातून काही निघालं तर ती फार मोठी गोष्ट ठरेल.

पण हे सगळं उंदरांत झालं आहे. माणसांवरची एकही चाचणी प्रसिद्ध झालेली नाही. शिवाय ज्या पद्धतीने उंदरांना हे दिलं आणि ज्या रूपात ते विकलं जातं, त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, आणि हे फारसं कुणी सांगत नाही.

उंदरांना ते पोटाच्या पोकळीत टोचलं होतं, दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. विकल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूल २५० मायक्रोग्रॅमच्या असतात आणि त्या तोंडाने घ्यायच्या असतात. उंदराच्या मात्रेवरून माणसाच्या मात्रेचा अंदाज बांधण्याचा एक रूढ हिशोब आहे. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात उंदराचा आकडा साधारण १२.३ने भागायचा. त्या हिशोबाने सत्तर किलोच्या माणसाचा आकडा एका वेळेला २८० मिलिग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे त्या कॅप्सूलच्या हजारपटीहून जास्त. हा आकडा मात्रा म्हणून वापरण्यासाठी अजिबात नाही. खऱ्या चाचणीत असा हिशोब केल्यावरही पहिल्या स्वयंसेवकाला त्याच्या कितीतरी खालून सुरुवात करून देतात, तेही विषारीपणाच्या वेगळ्या तपासण्या झाल्यावर. मी तो एवढ्यासाठीच मांडला की कॅप्सूल विकणारा ज्या अभ्यासाचा दाखला देतो, त्या अभ्यासाशी त्या कॅप्सूलचा काही संबंध उरत नाही. एवढ्या मात्रेने उंदरांतला परिणाम माणसात दिसेल असं मानायला आधार नाही. आणि परिणाम दिसत नाही म्हणून कुणी मात्रा वाढवत नेली, तर तो अशा जागी पोचतो जिथे आजवर कुणी काही मोजलेलंच नाही.

धोक्यांबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ईआरआर-अल्फा काही कर्करोगांत, विशेषतः स्तनाच्या कर्करोगात, जास्त प्रमाणात आढळतो आणि तिथे त्याचा संबंध वाईट भवितव्याशी जोडला गेला आहे. ईआरआर-गॅमा हृदयात कृत्रिमरीत्या वाढवलेल्या उंदरांत हृदयाचे स्नायू फुगलेले दिसले आहेत. म्हणून हे रसायन कर्करोग करतं किंवा हृदय बिघडवतं असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. पण नेमक्या याच दोन ठिकाणी दीर्घ मुदतीची तपासणी व्हायला हवी आणि ती झालेली नाही.

५-अमिनो-१एमक्यू

याचा मार्ग वेगळा आहे. आपल्या शरीरात एनएनएमटी नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते बी-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाला मिथाइल गट जोडतं आणि त्याचं पुढे टाकाऊ पदार्थात रूपांतर करतं. लठ्ठपणात चरबीच्या ऊतीमध्ये हे विकर जास्त प्रमाणात आढळतं. २०१४मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका महत्त्वाच्या शोधनिबंधात उंदरांमध्ये या विकराचं जनुक दाबून दाखवलं होतं. तसं केल्यावर मेदयुक्त आहार घेऊनही ते फारसे लठ्ठ झाले नाहीत आणि त्यांचा ऊर्जाखर्च वाढला. तिथून प्रश्न निघाला की हेच काम एखाद्या लहान रेणूने करता येईल का.

टेक्सास विद्यापीठाच्या गॅल्व्हेस्टन इथल्या वैद्यकीय शाखेतल्या संशोधकांनी असे रेणू बनवले, त्यांतलाच एक म्हणजे ५-अमिनो-१एमक्यू. त्यांच्या २०१८च्या अभ्यासात लठ्ठ उंदरांना दीडेक आठवडा रसायन दिल्यावर वजन उतरलं, पांढऱ्या चरबीचं वस्तुमान आणि तिच्या पेशींचा आकार साधारण ३० टक्क्यांनी घटला, कोलेस्टेरॉल खाली आलं. याही अभ्यासात खाणं कमी झालेलं नव्हतं. २०२१मध्ये याच दिशेने आणखी काम झालं. कमी उष्मांकाच्या आहारासोबत एनएनएमटी रोखलं तर लठ्ठ उंदरांची शरीररचना नुसत्या आहारापेक्षा लवकर पूर्ववत होते असं त्यात दिसलं. वयस्क उंदरांच्या स्नायूंची दुरुस्ती सुधारते असंही एका वेगळ्या कामात आढळलं.

मांडणी नीटस आहे. विकर रोखलं की पेशीत एनएडी हा ऊर्जानिर्मितीला लागणारा रेणू तयार व्हायला कच्चा माल उरतो, मिथाइल गट वाचतात, आणि चरबीची पेशी साठवण्यापेक्षा जाळण्याकडे झुकते. माझी शंका वेगळीच आहे. एनएनएमटी फक्त चरबीत नसतं. यकृतात ते भरपूर असतं, आणि तिथे त्याचं काम चरबीतल्यासारखंच आहे असं नाही. यकृतातल्या एनएनएमटीचा चयापचयावर हितकारक परिणाम होतो असं दाखवणारं संशोधनही आहे. म्हणजे चरबीत जे रोखल्याने फायदा होतो, तेच यकृतात रोखल्याने वर्षभरात काय होईल हा प्रश्न अगदी मोकळा आहे. दीडेक आठवड्याच्या प्रयोगातून त्याचं उत्तर मिळू शकत नाही.

एक बारीकशी पण कामाची खूण. हे रसायन पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या, यादीत बसवून विकलं जातं. ते पेप्टाइड नाही. एसएलयू-पीपी-३३२ देखील नाही. दोन्ही साधे लहान कृत्रिम रेणू आहेत. जो विक्रेता त्यांना पेप्टाइड म्हणतो, त्याला आपण काय विकतो आहोत हेही माहीत नाही, किंवा माहीत असून पर्वा नाही.

दोघांना समोरासमोर ठेवलं तर

निव्वळ पुराव्याच्या वजनाने बघितलं तर दोघांत फारसं डावं-उजवं करता येत नाही. एसएलयू-पीपी-३३२चे आकडे अधिक ठळक आहेत, प्रयोग अधिक दिवस चालला आणि दमसास, चरबी, इन्सुलिन अशा अनेक बाजूंनी परिणाम मोजला गेला. ५-अमिनो-१एमक्यूच्या मागे जनुक दाबून केलेल्या स्वतंत्र प्रयोगांचं पाठबळ आहे. ज्या विकरावर नेम धरला ते खरंच लठ्ठपणाशी जोडलेलं आहे, हे दुसऱ्या गटाने दुसऱ्या पद्धतीने दाखवलेलं असल्यामुळे पाया थोडा जास्त पक्का वाटतो. एसएलयू-पीपी-३३२ संपूर्ण शरीरातल्या जनुकांचा मोठा संच हलवतं, तर ५-अमिनो-१एमक्यू एका विकराला रोखतं. म्हणून केवळ तर्काने बोलायचं तर पहिल्याचे अनपेक्षित परिणाम जास्त पसरलेले असू शकतात. संशोधनाला पैसे द्यायचे असते तर मी दोन्हींना दिले असते. स्वतःच्या अंगावर घ्यायचं असेल तर हा सगळा फरक गौण ठरतो, कारण माणसांवरचा रकाना दोघांचाही कोरा आहे.

आणि उंदरांचा रकाना माणसाला जसाच्या तसा लागू का पडत नाही, त्याचं कारण इथे विशेष महत्त्वाचं आहे. उंदीर लहान असतो, त्याच्या शरीरातून उष्णता भराभर निघून जाते. प्रयोगशाळेतलं तापमान साधारण २२ अंश असतं. माणसाला ते सुखाचं वाटतं, पण उंदराला आरामाचं तापमान ३० अंशांच्या आसपास. म्हणजे प्रयोगातला उंदीर कायम थंडीत बसलेला असतो आणि त्याच्या दिवसभराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा नुसतं ऊबदार राहण्यात जातो. त्याच्याकडे उष्णता तयार करणारी तपकिरी चरबीही शरीराच्या मानाने माणसापेक्षा कितीतरी जास्त. चयापचयाचा वेग वाढवणारं काहीही अशा प्राण्याला दिलं की परिणाम मोठा दिसतो. त्यात भर म्हणून प्रौढ माणसाचं शरीर वाढलेल्या खर्चाची भरपाई करू बघतं. भूक वाढते, हालचाल नकळत कमी होते. म्हणून उंदरातले १२ टक्के माणसात किती होतील हे गणिताने काढता येत नाही, चाचणीच करावी लागते.

कार्डारिनचं काय झालं ते आधी वाचा

या दोघांबद्दल निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने मी आणखी एका रसायनाची हकीकत वाचावी असं म्हणेन: जीडब्ल्यू५०१५१६, म्हणजेच कार्डारिन. एसएलयू-पीपी-३३२च्या बाबतीत आज जे बोललं जातं, ते शब्दन् शब्द पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच्याबद्दल बोललं जात होतं.

ग्लॅक्सोस्मिथक्लाइन आणि लिगंड या कंपन्यांच्या १९९०च्या दशकातल्या कामातून ते आलं. ते पीपीएआर-डेल्टा या ग्राहीला चालना देतं. हाही पेशीच्या केंद्रकातलाच आणि चरबी जाळणारी जनुकं चालू करणारा. २००८मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटाने दाखवलं की व्यायामाच्या जोडीला ते दिलं तर उंदरांची धावण्याची क्षमता खूप वाढते. इथवर गोष्ट सारखी आहे. पण कार्डारिन पुढे माणसांपर्यंतही गेलं होतं. काही आठवड्यांच्या चाचण्यांत लोकांचं चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं, ट्रायग्लिसराइड्स उतरली, एका लहानशा अभ्यासात यकृतातली चरबी कमी झालेली दिसली. त्या आठवड्यांत कुणाला काही गंभीर झालं नव्हतं.

मग उंदीर आणि घुशींना दीर्घकाळ रसायन देऊन कर्करोगाची नेहमीची तपासणी झाली, जी प्रत्येक दीर्घ मुदतीच्या औषधाला करावीच लागते. यकृत, मूत्राशय, जठर, त्वचा, थायरॉइड अशा एकामागून एक अवयवांत गाठी सापडल्या. २००७च्या सुमारास कंपनीने विकास थांबवला. खेळाडू मात्र ते काळ्या बाजारातून घेत राहिले. तेव्हा २०१३मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडाने एरवी सहसा न उचललेलं पाऊल उचललं. बंदी तर होतीच, पण फसवणूक करणाऱ्यांनाही त्यांच्या स्वतःच्या जिवासाठी इशारा दिला की हे विषारी आहे, घेऊ नका.

कार्डारिनचा दोष महिन्याभरात दिसला नसता. तीन महिन्यांतही दिसला नव्हता. रक्ताचे रिपोर्ट उलट सुधारलेले होते. दीर्घकाळच्या तपासणीतच तो उघड झाला. एसएलयू-पीपी-३३२चा वर सांगितलेला लठ्ठ उंदरांवरचा प्रयोग महिन्याभराचा, ५-अमिनो-१एमक्यूचा त्याहून छोटा. ‘मी दोन महिने घेतलं, काही झालं नाही, रिपोर्ट छान आले’ असं कुणी सांगतं तेव्हा तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याने जे बघितलं, त्यात धोका दिसण्याची सोयच नव्हती.

कार्डारिन आजही विकलं जातं. या यादीतलं ते एकमेव रसायन आहे ज्याच्याबद्दल मी बाजू-दुसरी बाजू मांडणार नाही. ते घेऊ नका.

अनकपलर: डीएनपी, बीएएम१५, एचयू६

मायटोकॉन्ड्रियात इंधन जाळून मिळालेली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात साठते. अनकपलर ही जोडणी सैल करतात, त्यामुळे इंधन जळतं पण ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. चरबी जाळण्याचा यापेक्षा थेट मार्ग नाही, आणि यापेक्षा जिवावरचाही नाही.

डीएनपी हे यातलं सर्वात जुनं. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत त्याच्या संपर्कात आलेले कामगार घामाघूम होत, वाळत आणि काही दगावत. १९३३मध्ये स्टॅनफर्डमधल्या मॉरिस टेन्टर आणि सहकाऱ्यांनी ते वजन घटवण्यासाठी वापरून दाखवलं आणि वर्षभरात अमेरिकेत अंदाजे लाखभर लोकांनी ते घेतलं. वजन उतरायचं. मग तरुण माणसांना मोतीबिंदू होऊ लागले आणि शरीर तापून मृत्यू होऊ लागले. १९३८मध्ये ते माणसाच्या पोटात जाण्यास अयोग्य ठरवलं गेलं. परिणाम देणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे आणि उतारा नाही. ब्रिटनमध्ये तरुण मुलंमुली यापायी गेल्यावर २०२३च्या ऑक्टोबरपासून ते तिथल्या विष कायद्याखाली आणलं गेलं.

बीएएम१५ हा त्याचा सुधारित भाऊ. २०२०च्या उंदरांवरच्या अभ्यासात त्याने चरबी घटवली, इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला आणि शरीराचं तापमान वाढवलं नाही. माणसांवरचा पुरावा नाही. एचयू६ यकृतात पोचल्यावर हळूहळू डीएनपीत बदलतं, म्हणजे रक्तात एकदम उसळी येत नाही. ते रीतसर चाचण्यांत आहे. ८० जणांवरच्या दोनेक महिन्यांच्या चाचणीत यकृतातली चरबी लक्षणीय उतरली, आणि हृदयाच्या एका आजारात केलेल्या चाचणीत प्लासिबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या खोट्या मात्रेपेक्षा) सुमारे तीन किलो वजन जास्त घटलं. जुनी धोकादायक कल्पना सावरून आणायची तर काम असं करावं लागतं. घरी कुपी फोडून ते होत नाही.

एओडी-९६०४बद्दल दोनच वाक्यं पुरेत. वाढीच्या संप्रेरकाचा हा तुकडा ऑस्ट्रेलियात माणसांवर पुष्कळ तपासला गेला, १२ आठवड्यांच्या एका चाचणीत प्लासिबोच्या ०.८ किलोसमोर २.६ किलो असा निकालही मिळाला. पण मोठ्या चाचणीत फरक टिकला नाही आणि २००७मध्ये काम बंद झालं.

कुपीसोबतचा तो कागद

विक्रेता ‘९९ टक्के शुद्ध’ असं प्रमाणपत्र देतो आणि घेणारा निश्चिंत होतो. तो कागद नीट वाचून बघा. ९९ टक्के हा आकडा बहुधा एचपीएलसी नावाच्या तपासणीतला असतो. नमुना एका नळीतून वाहतो, घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, त्यांवर अतिनील प्रकाश टाकतात आणि आलेखावर उंचवटे उमटतात. मुख्य उंचवट्याचं क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या किती टक्के, एवढंच हा आकडा सांगतो. जे प्रकाश शोषत नाही ते या आलेखात दिसतच नाही. कॅडमियम, शिसं यांसारखे जड धातू दिसत नाहीत. क्षार आणि पाणी दिसत नाही. कुपी निर्जंतुक आहे का, तिच्यात जिवाणूंच्या कवचातलं विष म्हणजे एंडोटॉक्सिन आहे का, हे कळत नाही, आणि टोचायच्या वस्तूत ताप, थंडी, प्रसंगी रक्तदाब कोसळणं यांचं कारण तेच असतं. कुपीत ५ मिलिग्रॅम लिहिलंय म्हणजे ५ आहे का, हेही टक्केवारी सांगत नाही. मुख्य उंचवटा तुम्ही मागवलेल्या रेणूचाच आहे का, यासाठी वस्तुमान मापन वेगळं करावं लागतं. आणि कागदावरचा बॅच क्रमांक कुपीवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर हे सगळं वाचण्याचाही उपयोग नाही.

औषध कारखान्यात या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी तपासणी असते. ‘संशोधनासाठी’ या लेबलाखाली त्यातली एकही सक्तीची राहत नाही. ते लेबल विक्रेत्याची जबाबदारी झटकण्यासाठी असतं.

माणसांवर तपासलेलं काय आहे

आता तेच तीन प्रश्न वजन घटवण्याच्या मान्यताप्राप्त औषधांना विचारू. सेमाग्लुटाइडची २०२१ची चाचणी १,९६१ माणसांवर, ६८ आठवडे. सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, प्लासिबोवर २.४. टिर्झेपाटाइडची २०२२ची चाचणी २,५३९ जणांवर, ७२ आठवडे. सर्वात मोठ्या मात्रेवर २०.९ टक्के, प्लासिबोवर ३.१. २०२५मध्ये या दोन औषधांची थेट लढत झाली, त्यात टिर्झेपाटाइडचे २०.२ आणि सेमाग्लुटाइडचे १३.७ टक्के आले. हे सगळे आकडे माणसांचे आहेत.

त्रासही माहीत आहेत, आणि माहीत असणं हाच मोठा फायदा आहे. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता नेहमीची. पित्ताशयातले खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह. मेड्युलरी थायरॉइड कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असेल तर ही औषधं देत नाहीत. आणि बंद केली की वजन परत येतं. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परतला होता.

स्नायू जाण्याची भीती मात्र खरी आहे आणि ‘गोळीतल्या व्यायामा’कडे लोक वळतात ते याचमुळे, हे मला समजतं. टिर्झेपाटाइडच्या चाचणीत घटलेल्या वजनातला साधारण पाव भाग चरबी नसलेल्या ऊतीचा होता, सेमाग्लुटाइडच्या चाचणीत त्याहून जास्त. यावर आज उपलब्ध असलेला उपाय म्हणजे वजनं उचलण्याचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं. प्रायोगिक बाजूला बिमाग्रुमॅब हे प्रतिपिंड आहे. सेमाग्लुटाइडच्या जोडीने दिल्यावर ७२ आठवड्यांत २२ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं आणि त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त चरबीचं होतं, असे निकाल २०२५मध्ये मांडले गेले. स्नायू वाचवत चरबी घटवण्याचं जे स्वप्न एसएलयू-पीपी-३३२च्या नावाने विकलं जातं, त्याच्या खूप जवळचं काम इथे माणसांवर झालेलं आहे.

रेटाट्रुटाइड या दोन जगांच्या मधोमध आहे. तीन ग्राहींवर काम करणारं हे औषध २०२३च्या ३३८ जणांच्या चाचणीत ४८ आठवड्यांत २४.२ टक्क्यांपर्यंत पोचलं. आकडा प्रचंड आहे आणि तो माणसांचाच आहे, म्हणून त्याच्याबद्दलचा उत्साह मला रास्त वाटतो. पण काळ्या बाजारातली रेटाट्रुटाइडची कुपी आणि चाचणीतलं रेटाट्रुटाइड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अशा विक्रेत्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४च्या अखेरीस इशारापत्रं पाठवली होती. थांबता येत असेल तर थांबा, नाहीतर चाचणीत नाव नोंदवण्याचा मार्ग बघा.

मग कुणी काय करावं

लठ्ठपणामुळे मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असे आजार जडले असतील, तर तुमच्यासाठी प्रश्न एसएलयू की एमक्यू हा नाहीच. सेमाग्लुटाइड की टिर्झेपाटाइड की शस्त्रक्रिया, हा आहे, आणि तो डॉक्टरांसमोर बसून सोडवायचा आहे. तुमच्याकडे गमावण्यासारखा वेळ नाही आणि मिळण्यासारखा फायदा भरपूर आहे.

वजन ठीकठाक आहे, पोटावरची शेवटची थोडी चरबी तेवढी उतरवायची आहे, अशांनी हिशोब उलटा मांडावा. फायदा दिसण्यापुरता, आणि धोका किती ते कुणीच मोजलेलं नाही. अशा सौद्यात प्रायोगिक रसायन सर्वात कमी शोभतं.

खेळाडूंना वेगळं सांगायला हवं. वाडाच्या यादीत एक कलमच असं आहे की कुठल्याही देशात माणसांच्या उपचारासाठी मान्यता नसलेला पदार्थ आपोआप बंदीत येतो. नाव यादीत छापलेलं नाही, म्हणून चालतं, असा समज करून घेऊ नका.

गरोदर असलेल्या, स्तनपान करणाऱ्या किंवा मुलाचा विचार करणाऱ्या बाईने, तसंच कर्करोग होऊन गेलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या कुणीही, यातल्या एकाही प्रायोगिक रसायनाच्या वाटेला जाऊ नये. ईआरआर आणि कर्करोगाबद्दल वर जे लिहिलं ते तुमच्यासाठी केवळ शक्यता म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

आणि जे आधीच घेत आहेत त्यांना एक विनंती. डॉक्टरांपासून लपवू नका. घेणं थांबवा, रसायनाचं नाव, किती घेतलं, किती दिवस आणि शेवटचं कधी हे लिहून न्या, कुपी किंवा पुडकं फेकू नका, सोबत न्या. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, ईसीजी, रक्तातली साखर यांबद्दल विचारा. डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, छातीत धडधड, टोचल्या जागी वाढत जाणारी लाली, किंवा थंडी वाजून ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आणि डीएनपी घेतलं असल्याची नुसती शंका असेल, अंग तापतंय, घाम थांबत नाही, श्वास जोरात चालला आहे, तर थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा आणि दारातच रसायनाचं नाव सांगा.